पुलाखालचे रुपये

१२ एप्रिल, शनिवार
दुपारी दीपकभाऊ दुकानात आले. व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, गावातलं मोठं किराणा दुकान त्यायचंच. म्हणे, "कुंदाताई, एक तारखेपासून एक अन् दोनचं नाणं बंद. सगळे भाव पाचाच्या पटीत. आपल्या मुकुटबनातले सगळे हो म्हणाले, तुमचंच राह्यलं."
पाहू म्हटलं. खरं तं मलेही पाहिजेच होतं. मागच्या खोलीत चिल्लरची गोणी पडून हाय. ठोकवाला घेत नाही. बँकवाले म्हणतात नाणं चालूच हाय, पण आज मोजाले माणूस नाही, उद्या या. अन् तीन रुपयांपायी गिऱ्हाइकाच्या हातात चॉकलेट ठेवताना मलेच कसंतरी होते.

१५ एप्रिल, मंगळवार
सकरूबाई आली, नदीकडच्या तांड्यावरची. तिले सगळे याडीच म्हणतात, म्हणजे आई. चहापत्ती, साखर, तेल. पैसे नेहमीसारखेच, पदराच्या गाठीत, सगळे रुपये-दोन रुपये, अन् ओले.
म्हटलं, "याडी, पुढच्या महिन्यापासून हे चालन नाही."
"काहून? सरकारनं बंद केलं?"
"सरकारनं नाही. आमीच."
ती हसली. मंग माझ्या तोंडाकडे पाह्यलं अन् हसायची थांबली.
इतकी चिल्लर आणते कुठून, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. आज विचारलं. "गंगेतून," म्हणे. "येजो एखाद्या सकाळी."

१८ एप्रिल, शुक्रवार
आज मी नदीवर गेली. नवऱ्याले सांगितलं नाही, हे शेतात गेलते.
कसं लिहू. अजून डोळ्यासमोरून जात नाही.
पैनगंगा आटली हाय, पुलाच्या खांबांपाशी तेवढा डोह. याडी गुडघाभर पाण्यात उभी. हातात दोर, दोराले भोंग्यातलं जुनं लोहचुंबक, भाकरीएवढं. फेकलं. हळूहळू ओढलं. वर आलं तं नाणीच नाणी! एकाले एक धरून लटकलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, पाणी गळून राह्यलं अन् ऊन त्याच्यावर.
तेवढ्यात वरून एष्टी गेली. खिडक्यांतून हात बाहेर आले. दोन-तीन रुपये चमकत खाली आले, टपटप पाण्यात. एक बाई डोळे मिटून हात जोडून होती, गाडी गेली तरी मले तिचा चेहरा दिसतच राह्यला. माहेरी जाताना मीही टाकतेच, आपण सगळेच टाकतो. टाकलं की झालं. पुढं त्याचं काय होते, कोणाले माहीत?
एकेक रुपया कोणाच्या ना कोणाच्या पोटातलं बोलणं. पोरीचं लग्न, कोणाचं ऑपरेशन, पोराची नोकरी. अन् थे सगळं माझ्यासमोर दोराले लटकून.
याडी प्रत्येक खेपेचं पहिलं नाणं पाण्यात परत टाकते. विचारलं तं म्हणे, "तिचं तिले नको का?"
पाचाचं पिवळं नाणं लोहचुंबकाले चिकटतच नाही, अन् तसंही थे कोणी टाकत नाही, असं म्हणाली. नोटेचं विचारलं.
"नोट बुडते का, बाई? अन् फोनवरून गंगेले कसे धाडशीन?"
मी घरी आली. स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं.

२० एप्रिल, रविवार
मंडळाची बैठक. बायांमधून मी एकटीच.
मी म्हटलं, दोनची काडीपेटी पाचाले इकाची का? कोणी म्हणे, संग शाम्पूची पुडी द्या. सगळे हसले. मी म्हटलं, तीन-चारचे पाच करता तं एक-दोन सोडून द्या. त्यावर कोणी हसलं नाही.
मंग याडीचं सांगितलं. नीट सांगता आलं नाही. दीपकभाऊ रागावले नाही, पण म्हणाले, "एका बाईपायी अख्खं गाव चिल्लरीत बुडवाचं का ताई? माझ्याकडेही चार गोण्या हायेत."
त्यायचंही खोटं नाही. हेच तं अवघड हाय.
"एकदा पाहून या," एवढंच म्हणू शकली.

२४ एप्रिल, गुरुवार
दीपकभाऊ खरंच आले! मोटरसायकल पुलावर लावली, मी मागून पायी. याडीनं दोर ओढला. थेच पोळं, थेच ऊन.
दीपकभाऊ कठड्याले धरून किती वेळ उभे. टोपी काढली. मंग खिशात हात घातला, रुपया काढला, कपाळाले लावला अन् खाली सोडला. टाकल्यावर स्वतःच दचकले. माझ्याकडे पाह्यलं नाही.
खालून याडी ओरडली, "मांगितलं का काही?"
"मांगितलं," म्हणाले.
मोटरसायकल चालू केली अन् सरळ गावाकडे निघाले. काय मांगितलं असन?

२९ एप्रिल, मंगळवार
परवा एक तारीख. दीपकभाऊंचा फोन नाही, मंडळाचा निरोप नाही. यायनं विचारलं, "तुह्यं काय ठरलं?" म्हटलं, बाकीच्यायचं माहीत नाही, मी तं घेत राहीन. गोणी तं हायच, वाढतच जाईन. तिचं काय कराचं थे मलेही सुचलं नाही अजून.
सायंकाळी एक अनोळखी बाई दुकानाच्या दारात उभी राह्यली, कडेवर लेकरू. मूठ बंद. आत यायच्या आधीच विचारलं, "बाई, इथं चिल्लर चालते का?"
म्हटलं, "आज चालते. ये."