आधी मॅगझिन, मग स्लाइड

मंगळवार, ४ मार्च

बाबांनी आज क्रम चुकवला. बाबांनी!

नव्या बॅचला पिस्तूल रिकामं करून दाखवत होते. आधी गोळ्यांचं मॅगझिन बाहेर, मग पिस्तुलावरची सरकती स्लाइड मागे, मग नळीत डोळ्यांनी पाहायचं, वर बोटानेही चाचपायचं — हे त्यांनीच माझ्या डोक्यात ठोकून ठोकून बसवलंय. आज आधी स्लाइड ओढली, मग मॅगझिन काढलं. उलट! स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली गोळी नळीत नेऊन बसवते, आणि मॅगझिन हातात आलं की माणूस निर्धास्त. "झालं रिकामं," म्हणाले. पाहिलं नाही, चाचपलं नाही.

बँकांचे पहारेकरी सगळे. माना डोलावत होते. मी मदतीला मागे उभी. चारचौघांत बापाला काय बोलणार? ते चहाला गेल्यावर पिस्तूल उघडलं. गोळी आत होती.

अजून अंगाचा तिळपापड होतोय. कुणावर, तेही धड कळत नाही.

गुरुवार, ६ मार्च

दादाला सांगितलं. आमच्या नेमबाजीच्या रेंजचा कारभार त्याच्याकडे, दुसरं कुणाला सांगणार?

"वय झालं गं त्यांचं. आणि उडाली का गोळी? नाही ना! मग कशाला राईचा पर्वत करतेस?"

उडाली का म्हणे! उडेपर्यंत थांबायचं होय रे?

"बाहेरच्या बोर्डावर बाबांचं नाव आहे. लोक त्या नावाला येतात, तुझ्या नाही."

हे खरं आहे. म्हणूनच जास्त झोंबलं.

शुक्रवार, ७ मार्च

आज बाबांनी सगळं बरोबर केलं. बाप कधी चुकतो म्हणून टपून बसलेली मुलगी — शी!

सोमवार, १० मार्च

बाबांना म्हटलं, उद्या मी शिकवते, तुम्ही आराम करा. "दादा ठरवेल," म्हणाले. दादा? ज्याला आयुष्यात साधा पंखा कुठे लावायचा तेही ठरवू दिलं नाही, तो? डोकंच फिरलं माझं. ताट आपटून उठले.

मंगळवार, ११ मार्च

लांब्या थोडक्यात वाचला. ताडमाड उंच पहारेकरी, मघाशीच बायकोचे किस्से सांगून हसवत होता. त्याने मागून काही विचारलं आणि बाबा वळले — पिस्तुलासकट! नळी त्याच्या पोटावरून फिरली. बोट ट्रिगरवर.

मी किंचाळले, "थांबा!"

ही आरोळी रेंजवर कुणीही द्यायची, काल आलेल्यानेसुद्धा. ऐकली की हातातलं हत्यार खाली. बाबांनीच लावलेला नियम. सगळ्यांत आधी त्यांनीच ठेवलं. मग कुणाकडे न बघता निघून गेले. मी पिस्तूल उघडलं. भरलेलं होतं.

"घरी सांगितलं तर उद्यापासून नोकरीच बंद," लांब्या म्हणाला. हसायला गेला, पण पोटावरचा हात काही काढेना. बाकावर बसवला त्याला.

आणि दादा? "भर रेंजवर बापाची अब्रू काढलीस!"

"गेली ना अब्रू? जाऊ दे. लांब्याचं पोट जागेवर आहे!"

"उद्याही बाबाच शिकवणार."

"उभं कर त्यांना. दारात आडवी पडते मी!"

बाबा भिंतीकडे तोंड करून झोपलेत. जेवले नाहीत.

बुधवार, १२ मार्च

बाबांचं पिस्तूल कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये. दादा फोनवर वाट्टेल ते बोलला. मीही काही कमी बोलले नाही. बापाच्या नावावर जगतोस आणि बापालाच गोत्यात आणतोस! म्हटलंच सरळ.

बाबांचं तोंड अजून भिंतीकडेच.

गुरुवार, १३ मार्च

बाबा बोलले. "दादाला मी कितीदा सांगितलं, हात ऐकत नाहीत, मला काढ आता. तो म्हणतो, बोर्डाचं काय?"

मी पेटलेच. पायात चपला सरकवल्या. आज दादाची खैर नव्हती!

"बस खाली. त्याच्यावर नंतर ओरड," म्हणाले. "गेल्या आठवड्यात मंगळवारी नव्या बॅचसमोर माझं काय चुकलं, मला कळलंच नाही. पण मागे तुझा चेहरा दिसला. मी वाट बघत होतो. तेव्हा का नाही गं ओरडलीस?"