चार घोड्यांचं शहर

२ सप्टेंबर, सोमवार. रात्र.
पोहोचलो. खोली दुसऱ्या मजल्यावर. पलंग, टेबल, स्वयंपाकाचा ओटा आणि ओट्याच्या वर एक खिडकी. खिडकीचा पट्ट्यांचा पडदा अडकलाय, वीतभराच्या वर जात नाही. त्या वीतभर जागेतून समोरच्या दोन इमारतींच्या फटीत काहीतरी हिरवं, वाकडं लोखंड दिसतं. पाण्याचा पाइप असावा. घरमालकीणबाईंकडे तक्रार केली की खिडकीतून बघण्यासारखं काही नाही. त्यांनी पाइपकडे बोट दाखवलं आणि कौतुकाने काहीतरी बोलल्या. कुणाला कशाचं कौतुक असेल, सांगता येत नाही.

मुक्काम आठ आठवडे. आमच्या कंपनीचं बाटल्यांना झाकणं बसवणारं मशीन इथल्या सरबताच्या फॅक्टरीने घेतलंय, ते चालू करून द्यायचं. ते काय, डाव्या हाताचा मळ. खरं काम म्हणजे शहर. माझ्या साडूने अकरा देश पाहिलेत, पण सगळे टूरच्या बसच्या काचेतून. घरात कुठलंही कार्य असो, मधली खुर्ची धरून परदेश सांगत बसतो. मी शहर आतून बघणार आहे. नकाशा हातात धरायचा नाही, फोनमधला तर नाहीच. रोज पहाटे चालायला जायचं. उद्यापासून.

३ सप्टेंबर.
प्रवासाचा शीण. उद्यापासून.

५ सप्टेंबर, गुरुवार.
नवे बूट चावतात. चालणं बूट नरम झाल्यावर.
फॅक्टरीतला मिशीवाला फोरमन भला माणूस. त्याचं इंग्लिश आणि माझं इंग्लिश वेगवेगळ्या मास्तरांकडे शिकलेलं, त्यामुळे बोलणं हातवाऱ्यांनी चालतं. आज अर्धा तास चष्मा शोधत होता. चष्मा डोक्यावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्याने मला पाण्याची बाटली आणून दिली.

८ सप्टेंबर, रविवार.
मोहीम सुरू. घराखालच्या स्टॉपवर जी पहिली ट्राम आली तीत बसलो. कुठे जाते हे विचारायचं नाही, यालाच भटकणं म्हणतात. बराच वेळ वळसे घेत शेवटी एका मोठ्या चौकात आली. मधोमध उंच चौथऱ्यावर हिरवा पडलेला धातूचा घोडा, पाठीवर कुणी सरदार. समोर घड्याळाचा मनोरा. घोड्याची उजवी बाजू डागडुजीसाठी ताडपत्रीत गुंडाळलेली. माझ्याकडे तोंड करून उभा होता. ओळखीचा वाटला.
त्याच ट्रामने परत. हिला फोनवर सविस्तर सांगितलं. ही म्हणाली, जेवलात का.

१५ सप्टेंबर, रविवार.
आज दुसऱ्या नंबरची ट्राम. वेगळा रस्ता, वेगळा चौक, मोठं कारंजं. आणि काय आश्चर्य, इथेही घोडा. हा मात्र पाठमोरा, कारंज्याकडे शेपूट करून. ताडपत्री याच्या डाव्या बाजूला. म्हणजे इथल्या नगरपालिकेने एकाच वेळी दोन घोडे दुरुस्तीला काढलेत. आपल्याकडे एका खड्ड्याला दोन वर्षं लागतात.

१८ सप्टेंबर.
मशीन त्रास देतंय. पडद्यावर बाटल्यांचा आकडा भलताच मोठा, खोक्यात माल कमी. फोरमनला वाटतं कुणीतरी सरबत पितंय. मला वाटतं मशीन बरोबर आहे आणि खोकी चुकीची.
पहाटे उठलो होतो. बाहेर अंधार होता, म्हणून परत झोपलो.

२२ सप्टेंबर, रविवार.
घोडा क्रमांक तीन! तिसऱ्याच ट्रामने गेलो. इथे चौकात झाडं, झाडांखाली बाकं, आइस्क्रीमची गाडी. घोडा आडवा उभा, पुढचा पाय उचललेला. पहिल्याने पाय उचललेला नव्हता, निदान मला तसं आठवत नाही. ताडपत्री याच्या पोटाखाली. हे लोक घोड्यांसाठी वेडे आहेत. साडू इतके देश फिरला, पण कुठल्या शहराचा स्वभाव म्हणून त्याला सांगता येत नाही. मला तीन रविवारांत कळला.

२५ सप्टेंबर.
मशीनचा दोष सापडला. वळणावर बाटली थरथरते, सेन्सरसमोरून पुढे जाते, किंचित मागे येते, पुन्हा पुढे जाते. सेन्सर प्रत्येक वेळी नवी बाटली धरतो. एकच बाटली जरा वेगळ्या अंगाने समोर आली की या शहाण्याला ती दुसरी वाटते. डोळा दिलाय, पण अक्कल कुठून देणार. फोरमनला हातवारे करून समजावलं, खूप हसला.
हसतोय तर म्हटलं घोड्यांचंही सांगावं. टेबलावर शहर काढलं आणि तीन बोटं दाखवली. त्याने मान हलवून एकच बोट वर केलं. म्हणजे एक नंबर. कौतुक करणारा माणूस आहे.

२९ सप्टेंबर, रविवार.
चार झाले. औषधाच्या दुकानासमोरचा. आता पुरे, नाहीतर उरलेलं शहर बघायचं राहून जाईल.

३ ऑक्टोबर, गुरुवार. रात्र.
हिचा फोन. साडू आणि मेहुणी पुन्हा टूरवर निघालेत आणि या वेळी ही त्यांच्याबरोबर आहे! एक जागा रिकामी झाली म्हणून मेहुणीने ओढून घेतलं. वीस तारखेला त्यांची बस माझ्या शहरात, सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत. बाकीची मंडळी टेकडीवरचा उंच मनोरा बघायला जाणार, हिने दिवसभर माझ्याबरोबर राहायची परवानगी काढलीय. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ही कधी परदेशात आली नव्हती. पुढे कधी येईल देव जाणे. तो एक दिवस माझ्या हातात आहे. झोप येत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार.
बेत पक्का. हिने घोडा क्रमांक तीनपाशी यायचं, कारण तिथे बसायला बाकं आहेत. टूरची बस चौकाजवळच सोडते, असं ही म्हणाली. तिथून ट्रामने एक, दोन आणि चार. प्रत्येक घोड्यापाशी पाच मिनिटं माहिती. मग उरलेलं शहर, जसं सुचेल तसं. हिने विचारलं, फोनचं इथलं कार्ड घेऊ का. म्हटलं, कशाला, मी आहे ना.
ही म्हणाली, टूरच्या माहितीपत्रकात एकच घोडा छापलाय. म्हटलं, टूरवाले एवढंच दाखवणार.

१३ ऑक्टोबर, रविवार.
रंगीत तालीम करायची ठरवली होती. जेवणानंतर जरा आडवा झालो, उठलो तेव्हा दिवे लागले होते. हरकत नाही, वाटा माझ्या अंगवळणी पडल्यात.

१९ ऑक्टोबर, शनिवार.
घोडामैदान जवळ आलं. शर्टाला इस्त्री केली. खोली झाडली. पडदा पुन्हा ओढून बघितला, हलत नाही. ही इथे येणारच नाही म्हणा. एवढं शहर सोडून खोलीत कोण येतं.

२० ऑक्टोबर, रविवार. सकाळ.
घोडा तीनवर आलो. ही नाही. पाच मिनिटं थांबलो. साधी बाई आहे, घोड्यांत गोंधळ झाला असणार. घोडा एकला गेली असेल. ट्राम आली.

तोच दिवस. ट्राममध्ये लिहितोय.
घोडा एकवरही नाही. घड्याळाखाली सगळीकडे बघितलं. ही ट्राम सावकाश चालते. आता घोडा दोन.

दुपार.
कारंज्यापाशी नाही. आता घोडा चार. माझाच मूर्खपणा, कार्ड घेऊ द्यायला हवं होतं. अनोळखी शहर, हिला भाषा येत नाही, खिशात माझा पत्ताही नसेल.

रात्र.
सावकाश लिहितो.
घोडा चारवरही ही नव्हती. शेवटी पुन्हा घोडा तीनला आलो. ही बाकावर बसली होती. शेजारी आइस्क्रीमवाली आजीबाई, दोघी एकमेकींना मोबाइलमधले भाचे आणि नातवंडं दाखवत होत्या. हिला बघितलं आणि धावत गेलो. पण आवाज चढवला. जागा सोडून कुठे गेली होतीस, म्हणून विचारलं.

ही शांतपणे म्हणाली, "मी इथेच होते. घोडाही इथेच होता. तुम्हीच येत-जात होता."

मग तिने सांगितलं. मी पहिल्यांदा आलो तेव्हा ती हात धुवायला गेली होती. परत आली तर मी ट्राममध्ये चढत होतो. हाक मारली, ऐकू गेली नाही. थोड्या वेळाने मी घड्याळाच्या बाजूने उतरलो, कपाळावर हात धरून चारी दिशा बघितल्या, हिची सोडून. तेव्हाही हाक मारली, मी परत ट्राममध्ये. मग कारंज्याकडून आलो. त्या वेळी म्हणे आजीबाईंनीच हिचा हात धरून खुणेने गप्प बसवलं, की बघू या तरी हा माणूस किती वेळा शोधतो. औषधाच्या दुकानासमोर उतरलो तेव्हा दोघींनी आइस्क्रीम घेतलं होतं.

मी तिला चार घोड्यांची थिअरी समजावायला लागलो. तिने माझं कोपर धरलं आणि चौथऱ्याला एक प्रदक्षिणा घातली. बाकं, घड्याळाचा मनोरा, औषधाचं दुकान, कारंजं, पुन्हा बाकं. ताडपत्री आता कारागिरांनी शेपटीकडे सरकवली होती. ही एक म्हण म्हणणार होती, ओठांवर आलेली दिसली. मी म्हटलं, मला पाठ आहे.

हिचा अर्धा दिवस मी ट्राममध्ये घालवला. हे मी तिला म्हणालो. उरलेल्या वेळात टेकडीवरचा मनोरा दाखवतो म्हटलं. ती म्हणाली, "मला शहर बघायचंच नव्हतं. तुम्ही राहता कुठे, खाता काय, ते बघायचं होतं."

ट्रामने खोलीवर आणलं. वळसे घेत, पुष्कळ वेळ लागला. तिने आधी फ्रिज उघडला. आत बिस्किटांचे पुडे. बिस्किटं फ्रिजमध्ये का, असं तिने विचारलं नाही, फक्त बघितलं. मग चहाचं आधण ठेवलं आणि पडद्याची दोरी तिरकी ओढली. पडदा सरसर वर गेला.

"अहो," ती म्हणाली, "इकडे या जरा."

दोन इमारतींच्या फटीत हिरवं, वाकडं लोखंड. वर उंच गेलेलं, खाली झुपकेदार. त्याच्या पुढे घोड्याचं ढुंगण, एका कोपऱ्यात ताडपत्री. सात आठवडे मी रोज सकाळी शेपटीकडे बघत चहा प्यायलो.

ही हसता हसता स्टुलावर बसली. डोळ्यांतून पाणी. मला आधी राग आला, मग मीही बसलो आणि हसलो. चहा उतू गेला.

निघताना मी पुढच्या दाराने ट्रामकडे वळलो. ही मागच्या जिन्याने खाली उतरली, बोळ ओलांडला, आणि माझी बुटाची नाडी बांधून होईतो आम्ही घोड्यापाशी होतो. बस यायला वेळ होता. बाकावर बसलो, बिस्किटं खाल्ली. मी तिला बाटल्या दोनदा मोजणाऱ्या सेन्सरची गोष्ट सांगितली. सांगता सांगता मधेच थांबलो. ती म्हणाली, पुढे सांगा ना, कसा सुधारला. मी सांगितलं, हातभर मागे सरकवला, म्हणजे पूर्ण बाटली दिसते. ती बरं म्हणाली.

बस आली. साडू उतरला, पाय चेपत. मनोऱ्याची रांग इतकी मोठी होती की वर जायला मिळालंच नाही, दिवसभर रांगेतच गेला. त्याने विचारलं, तुम्ही काय काय पाहिलं. मी घसा खाकरला. ही म्हणाली, "यांनी मला शहर आतून दाखवलं." साडू गप्प झाला. एकोणीस वर्षांत त्याला असा गप्प मी पाहिला नव्हता.

ही बसच्या खिडकीतून हात हलवत गेली. मागच्या जिन्याने वर आलो. खोली एकदम मोठी वाटायला लागली. ओट्यावर दोन कप धुऊन उपडे ठेवलेत, ते तसेच राहू देणार आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार.
पहाटे उठून चालायचं होतं. पडदा उघडा असल्याने उजेड डोळ्यांवर आला, म्हणून कूस बदलून झोपलो.
फोरमनला बघून एक बोट वर केलं. त्याने मिठी मारली.
अजून आठवडा हातात आहे. तत्त्वाला थोडी मुरड घालून नकाशा घ्यायचं ठरवलं. संध्याकाळी घरमालकीणबाईंना हातवाऱ्यांनी विचारलं, कुठे मिळेल. त्यांनी खुणेने सांगितलं, घोड्याजवळच्या दुकानात. कोणत्या घोड्याजवळ, हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. पुढचा जिना उतरलो. समोर ट्राम उभीच होती, बसलो.