बोडक्याची खूण

बाबा, परवा पुन्हा किल्ल्यात गेले होते, माझ्या वर्गातली मुलं घेऊन. विरारला मनवेलपाड्याच्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. तू गेलास तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे हे तुला सांगायचं राहूनच गेलं. दर हिवाळ्यात सहल वसईच्या किल्ल्यात न्यायची हा माझा हट्ट, आणि दर वेळी तिथल्या पडक्या चर्चच्या मनोऱ्यापाशी आले की माझं वाक्य अडखळतं. का, ते तुझ्याशिवाय कोणाला कळणार?

मी नववीत होते. मुंबईहून काही शिक्षिका किल्ला बघायला येणार होत्या आणि सरांनी वाटाड्या म्हणून मला निवडलं, कारण मी पाचूबंदरची, किल्ल्यात खेळून वाढलेली. आठवडाभर मी पोर्तुगीज आणि मराठे घोकत होते. मासळी साफ करता करता आईचंही निम्मं पाठ झालं. त्या दिवशी तू कुठे बसणार हे मला ठाऊक होतं, समुद्राकडच्या दरवाजाजवळ तटाच्या सावलीत, जाळं शिवत. तिकडची वाट मी मुद्दामच टाळणार होते. पण पाहुण्यांना समुद्र बघायचा होता.

आम्हाला बघून तू उठलासच. कमरेला रुमाल, अंगात भोकं पडलेला गंजीफ्रॉक, हातात जाळ्याची सुई तशीच. माझं चर्चबद्दलचं वाक्य अर्धं झालं होतं तेवढ्यात तू त्या पडक्या चर्चच्या मनोऱ्याकडे सुई दाखवलीस. "ह्यो आमचा बोडका. डोक्यावं छप्पर नाय म्हणून बोडका. बाहेरून येताना बोडका आन् त्यो मागचा ताड एका रांगंत आला का समजाचा, होडीखाली पानी हाय. जरा हुकला का गेली होडी रेतीत." मग तू पुढे होऊन मनोऱ्याच्या दगडाला हात लावलास आणि तो कपाळाला टेकवलास, देवळात करतोस तसा. बायका कौतुकाने बघत होत्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. एकीने हळूच विचारलं, "हे कोण गं?" आणि मी म्हटलं, "इथलेच एक मच्छीमार आहेत."

तू दोन पावलांवर होतास, ऐकलंस. तुझा चेहरा कसा झाला ते मी बघितलं नाही, बघायची हिंमतच झाली नाही. तू त्या बाईंना म्हणालास, "हां, हितलाच. पोरगी ब्येस सांगते हो तुमची." आणि जाळ्यापाशी जाऊन बसलास.

तुमची! घरी आल्यावर मी बोलणी खायला तयार होते. दोन फटके दिले असतेस तरी बरं वाटलं असतं. तू जेवलास, हात धुतलास आणि म्हणालास, "रईवारी मना दाव तुझा किल्ला."

तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी पुढे, तू मागे, हात पाठीशी बांधून, पाहुण्यासारखा. जिथून तू रोज होडीवर जातोस तिथलीच कमान मी तुला दाखवते आहे आणि तू "असा व्हय?" म्हणतो आहेस. चर्चमधल्या जमिनीत कोरलेल्या फरशा खाली पुरलेल्या माणसांच्या आहेत हे मी सांगितल्यावर तू पटकन बाजूला सरलास. "जन्म गेला हितं, मना ठाव नव्हता." बोडक्यापाशी आलो आणि चर्चबद्दलचं वाक्य पुन्हा अर्ध्यावरच सुटलं. माफी मागायची होती, बाबा. तू म्हणालास, "हितं तू नको सांगू, बाय. हितं मी सांगतो." आणि ताड, रेती, पाणी, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलंस, मला एकटीला.

तो ताड आता नाही, वादळात पडला. भाऊ मोबाईलच्या टॉवरवर खूण धरून होडी आत आणतो. बोडका मात्र उभा आहे आणि मी मुलांना आधी तुझी खूण सांगते, साल-तारखा नंतर. परवा एका मुलीने विचारलं, "टीचर, हे पुस्तकात नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?" उत्तर अगदी ओठांवर होतं. मी म्हटलं, "इथल्याच एका मच्छीमाराने."

तेच वाक्य, बाबा, इतक्या वर्षांनी. मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतलं. तुझी लाज वाटते म्हणून नाही रे. तुझं नातं एकदा सांगितलं की मुलं पुढचं विचारणार, तुमचे बाबा काय म्हणायचे, कसे होते. आणि मग त्या दिवशी मी काय म्हणाले तेही सांगावं लागेल. तेवढा धीर मला अजून आलेला नाही. हे लिहिलेलं मुलांच्या तपासायच्या वह्यांखाली ठेवते आहे. आणि एक कबूल करते. परवा मुलं पुढे गेल्यावर मागे कोणी नाही ना हे आधी बघून घेतलं आणि मगच बोडक्याला हात लावून कपाळाला टेकवला.