कौलाखालचे चिवट दाणे

तीर्थस्वरूप मामा यांस,

भाचीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकले आहे. कंबर आठ दिवस धरली आहे, त्यामुळे सध्या येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनाच वाकून नमस्कार घडतो. तरी तुमच्या वाट्याचा मनापासूनचा आहे असं समजावं.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मामींची साखर आटोक्यात आहे ना? गेल्या चार वर्षांत आपला पत्रव्यवहार नाही, फोनवर तुम्ही ‘थांब, मामीला देतो’ याच्यापुढे बोलत नाही, आणि त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि मामींच्या साठीच्या समारंभाला आलेल्या सत्तर माणसांनाही माहीत आहे. त्या विषयाकडे मी येणार आहे. पण आपल्या घरात मूळ विषयाकडे कोणी थेट जात नाही, आधी त्याला गावभर फिरवून आणतात, तेव्हा थोडा धीर धरावा.

मी सध्या काय करते ते मामींनी सांगितलं असेलच, आणि चुकीचं सांगितलं असेल. मी मासे विकत नाही. नामशेष व्हायला आलेल्या पाण्यातल्या जिवांची अंडी जपून, पिल्लं वाढवून त्यांना पुन्हा नदीत सोडायचं एक केंद्र आहे, त्याची मी तीन वर्षांपासून प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे माझ्या हाताखाली तीन माणसं आणि डोक्यावर सतरा. आमच्याकडे कासवं आहेत, शिंपले आहेत, पण ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे तो म्हणजे मिशाळ. बोटाएवढा मासा, रंग चिखलाचा, डोकं चपटं आणि तोंडाला फौजदारासारख्या मिशा. (मिशाळ हे आम्ही ठेवलेलं नाव. शास्त्रीय नाव त्याच्या लांबीपेक्षा लांब आहे.) हा एकाच ओढ्याच्या एकाच वळणावर राहायचा, आणि ते वळण धरणाच्या पाण्याखाली गेलं. आता माहीत असलेले मिशाळ एकूण नऊ, आणि नऊच्या नऊ माझ्याकडे. त्यातला एक जेवला नाही तरी माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

मुख्य कचेरीचं पत्र गेल्या महिन्यात आलं. पत्र अतिशय सभ्य आहे. हंगाम संपेपर्यंत एकही पिल्लू झालं नाही तर नऊही मासे मोठ्या शहरातल्या मत्स्यालयात लोकांना बघायला ठेवावेत आणि आमच्या टाक्यांत खायचे मासे वाढवावेत, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे मिशाळ संपायचा तो संपेलच, फक्त तिकीट लावून संपेल. मी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि पंपमास्तरला (आमचा पंप, पाइप आणि जीप बघणारा माणूस) सांगितलं की हे होणार नाही. तो म्हणाला, बरं. त्याचा माझ्यावर विश्वास आहे, कारण मी त्याची पगारवाढ अडवलेली नाही.

आता मी गेली तीन वर्षं काय केलं ते ऐका. पाणी गार केलं, कोमट केलं, पुन्हा गार केलं. प्रवाह वाढवला, कमी केला. जिवंत किडे घातले, ते मासे खाईनात, मग तेच किडे आमच्या डॉक्टरीणबाईंनी (माशांच्या डॉक्टर, माणसांना त्या हात लावत नाहीत) बारीक चिरून घातले. मिशाळ गुबगुबीत झाले, पण अंड्यांचं नाव नाही. मी म्हटलं, स्वच्छता कमी पडत असेल. माझ्यातलं मामींचं रक्त (नसलेलं) उसळून आलं. मी एकतीस नियमांची पाटी लिहून भिंतीला लावली आणि दर सोमवारी प्रत्येक टाकी, प्रत्येक दगड आणि लपायला ठेवलेलं प्रत्येक कौल घासून लख्ख झालंच पाहिजे, असा दंडक घातला. त्याबद्दल आम्हाला सर्वांत स्वच्छ केंद्राचं प्रमाणपत्र मिळालं. ते माझ्या खुर्चीमागे चौकटीत लावलं होतं.

गेल्याच महिन्यात आमच्या टाकीवाल्या बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. त्यांच्याइतकं इमानी माणूस शोधून सापडणार नाही, सोमवार कधी चुकला नाही. त्या नाहीत म्हणून कोण घासणार, तर प्रमुख. पदर खोचला, बादली घेतली, तारेची घासणी घेतली आणि तीन नंबरच्या टाकीतलं कौल उलटं करून घासायला लागले. त्याच्या खालच्या अंगाला नेहमीसारखे चिकट दाणे होते, खसखशीएवढे, त्या दिवशीही होते. निम्मं कौल घासून झालं आणि घाम पुसून मी चष्मा चढवला. (चष्मा नवा. दोन वर्षं डॉक्टर सांगत होते आणि मी म्हणत होते की अक्षरं हल्ली बारीक छापतात.) चष्म्यातून पाहिलं तर दाण्यांना डोळे होते. प्रत्येक दाण्याला दोन, काळे, आणि ते माझ्याकडे बघत होते.

मी बाईंना फोन लावला. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत हे त्यांनी सांगितलं, आणि मग मी विचारलं की कौलांखाली ते दाणे असतात ते कधीपासून.

“पहिल्यापासून, मॅडम,” त्या म्हणाल्या. “फार चिवट असतात. साध्या ब्रशने निघत नाहीत, म्हणून तर मी तारेची घासणी मागून घेतली होती.”

घासणीच्या मागणीवर सही माझी आहे. मामा, मी बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि रडले. मिशाळ तीन वर्षं बिचारे आपलं काम करत होते. मीच दर सोमवारी त्यांची पोरं खरवडून मोरीत सोडत होते आणि मंगळवारी कचेरीला लिहीत होते की मासे सहकार्य करत नाहीत. बाईंना मी अजून सांगितलेलं नाही. त्या आल्या की सांगेन, आणि दोष माझ्याकडे ठेवून सांगेन, कारण तो माझाच आहे. प्रमाणपत्र उतरवलं. एकतीस नियमांची पाटी फाडली आणि तिच्या जागी एकच ओळ लिहिली: कोणीही काहीही करू नये.

लिहायला सोपं आहे हो. मिशाळांत अंड्यांवर आई बसत नाही, बाप बसतो. (आई अंडी घालते आणि मागे वळूनही बघत नाही. डॉक्टरीणबाईंना ही गोष्ट फार आवडते.) बाप कौलाखाली शिरतो आणि अकरा दिवस, पिल्लं बाहेर येईपर्यंत, पंखांनी अंड्यांना वारा घालतो. पण त्याचा स्वभाव आपल्या धाकट्या काकांसारखा, दचकला की खायला लागतो. आणि समोर अंडीच असतात. (तीन नंबरच्या कौलावर घासायची राहिलेली निम्मी अशीच गेली.) नवीन माणूस आला, गेला, सावली हलली, काही वाजलं, की गिळलं एक. चार नंबरच्या टाकीत अंडी दिसली तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. दुसऱ्या दिवशी पंपमास्तरला पंपाचा आवाज जरा बारीक वाटला. चांगला माणूस, त्याला राहवलं नाही, पाना घेऊन एक नट आवळला. पाना हातातून निसटला आणि त्या आवाजाने बापाने निम्मी अंडी संपवली. उरलेली निम्मी डॉक्टरीणबाईंच्या काळजीने संपली, कारण त्या दर तासाला टॉर्च घेऊन फक्त बघायला जात होत्या. मी दोघांनाही अद्वातद्वा बोलले आणि पुढच्या खेपेला, दोन नंबरच्या टाकीसमोर, स्वतः बसले.

माझी गोष्ट तुम्हाला खरी सांगते. पहिली वीस मिनिटं मी बसले. मग मला दिसलं की काचेवर बोटाचा ठसा आहे. मी तो पाहिला नाही असं दहा मिनिटं केलं. मग माझा हात, माझ्या परवानगीशिवाय, पदराकडे गेला आणि मी काच पुसली. बाप बाहेर आला, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्याकडे बघत बघत एकेक करून सगळी अंडी खाल्ली. तेवढा वेळ लाजेनं मला उठताही आलं नाही.

तुम्ही म्हणाल कॅमेरा लाव. लावला. त्या दमट खोलीत तिसऱ्या दिवशी त्याला मोतीबिंदू झाला. तुम्ही म्हणाल कोणी बसूच नका. पण पंप जुना आहे, दिवसातून दोन-तीनदा उसासा टाकून थांबतो, आणि पाणी खेळतं राहिलं नाही तर तासाभरात अंडी पांढरी पडतात. नवा पंप बसवायचा तर टाक्या हलवाव्या लागतील आणि टाकी हलली की बापाचं जेवण झालंच म्हणून समजा. म्हणजे समोर कोणीतरी हवं, पंप थांबला तर बसल्या जागेवरून हात लांब करून बटण दाबायला. (रात्री प्रश्न नाही. अंधारात त्याला कोणी दिसत नाही, पंपमास्तर अनवाणी बसतो.) दिवसा मात्र इतकं स्वस्थ बसलं पाहिजे की माशाने त्या माणसाला दगडात जमा करावं. आणि माझी अडचण अशी की इथली तिन्ही माणसं मीच पारखून घेतली, तिन्ही कष्टाळू, आणि चौथी मी. आम्हा चौघांत एक माणूस असा नाही की ज्याला दहा मिनिटं स्वस्थ बसता येईल. तरी मी हार मानणारी नाही, हंगामाचे बावीस दिवस शिल्लक आहेत आणि तोवर काहीतरी तोड काढीनच.

बाकी इकडे सर्व क्षेम आहे. मामींना नमस्कार. तुमच्या प्रकृतीची विचारपूस करावी एवढ्यासाठीच हे चार शब्द लिहिले, दुसरं काही कारण नाही.

तुमची,
भाची

ता. क. दुसरं कारण आहे. तुम्ही याल का? अकरा दिवस. माझ्या राहत्या जागेत एक खोली रिकामी आहे, टाक्यांपर्यंत चाळीस पावलं, पायऱ्या नाहीत. काम काही नाही. म्हणजे काम तेच आहे. मामींना मात्र आणू नका, माझा जीव आहे त्यांच्यावर, पण त्या काच पुसतील.

ता. क. २. ते समारंभाचं. मी उभी राहून सत्तर माणसांसमोर म्हणाले होते की मामींनी आयुष्यभर दोनच गोष्टी झाडल्या, घर आणि मामांच्या भोवतालची जागा. सगळे हसले. तुम्ही ताट तसंच ठेवून उठलात, आणि तुम्हाला उठलेलं पाहून लोक आणखी हसले. माझं चुकलं, मामा. चार वर्षं मी हे वाक्य लिहायचं टाळत होते, आता लिहिते आहे ते गरज पडली म्हणून, हेही कबूल करते. पण आणखी एक आहे, आणि ते गरजेचं नाही. मी सात वर्षांची असताना मला तो ताप आला होता. आई पट्ट्या बदलत होती, बाबा डॉक्टरांकडे धावत होते, आजी देवापाशी, मामी काढे उकळत होत्या. तुम्ही पलंगाशेजारी बसला होतात. मी केव्हाही डोळे उघडले की तुम्ही तिथेच असायचात, आणि मी पुन्हा डोळे मिटायचे. किती दिवस ते मला माहीत नाही, आई म्हणते नऊ. त्याही वेळी मला वाटलं होतं की सगळे काहीतरी करत आहेत आणि एकटे मामाच काही करत नाहीत.

ता. क. ३. वरचं सगळं काल लिहिलं. आज सकाळी पाच नंबरच्या टाकीत अंडी पडली. हंगामातली ही बहुधा शेवटचीच. पंपमास्तर हे पत्र घेऊन जीपने तुमच्याकडे येतो आहे, तुमचं वाचून होईपर्यंत तो दारात थांबेल. त्याला आत घेऊ नका, तुमचा पंखा उघडून बसेल. तुम्ही येईपर्यंत टाकीसमोर मी बसले आहे, पंपाचं बटण उजव्या हाताशी, आणि हे मांडीवर कागद ठेवून लिहिते आहे. काचेवर एक डाग आहे, तो मी पुसलेला नाही. आत्ता पेन हललं तेव्हा बापाने या बाजूला बघितलं आणि एक गिळलं. पेन ठेवते. या.