आईला समजेल असं एक पान

चि. ह्येरान हिला दादाचे तुरुंगातून आशीर्वाद.

इथे थंडी आहे, पण आईने विणलेला स्वेटर पुरतो, तिला तसं सांग. तिचे गुडघे कसे आहेत? किमचीचा कोबी यंदा तिने एकटीनेच मिठात घातला का?

तत्त्वज्ञान वाचायला कुठून सुरुवात करू, असं विचारलंस. माझ्या जाड ग्रंथांपासून मुळीच नको! मी तिथून सुरू केलं आणि सोलच्या सभांत टाळ्या मिळवल्या, पण आईने "म्हणजे काय रे?" विचारलं, की माझी बोबडी वळायची. बारीकसं पुस्तक घे. एक पान वाच आणि कोबी चिरताना ते आईला तुझ्या शब्दांत सांग. तिला पटलं नाही तरी चालेल; समजलं, तरच पान उलट.

माझ्यापुढेही सध्या एकच पान आहे. 'माझे विचार चुकले' एवढ्यावर सही केली की सुटका. पहारेकरी टोमणा मारतो, "काय भाषणवाले, घरी म्हातारी वाट बघतेय आणि तुमचं पेन उचलेना?"

सही मी करणार नाही. का, ते आईला समजेल असं तीन दिवस लिहून पाहतोय, जमत नाही. तेव्हा तू सुरुवात इथूनच कर. तिला समजाव. ती काय म्हणाली ते कळव. शिव्या दिल्या, तरी एकही शब्द गाळू नकोस.

अजून शिकाऊच असलेला,
तुझा इनचोलदादा