मांगरातली हिरवी मोटार

मी, हाफिज दाऊद मुकादम, वय एकाहत्तर, पूर्वीचा धंदा होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग विकणे, राहणार बाजारपेठ, मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, अल्लाचे नाव घेऊन ही वसियत राजीखुशीने लिहून ठेवतो. कोणी माझा हात धरलेला नाही. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गाडीच्या बाबतीत तो लागू नाही, असे माझी पत्नी नूरबानो हिचे म्हणणे आहे.

१. घर, दुकानाचा गाळा व ठेवी यांत नूरबानो, मुलगा आदिल आणि मुलगी तस्नीम यांचे हिस्से शरियतप्रमाणे ठरलेले आहेत. त्यात मी लुडबुड करत नाही. मुलांनी भांडू नये. एक मस्कतला, दुसरी पुण्याला. भांडायला दोघांना एकदम रजा मिळायची नाही.

२. इंची मापाचे पाने मी हयातीतच तस्नीमला देऊन टाकले आहेत. विलायती नटाला आपले मिलिमीटरचे पाने लावले की नटाचे कोपरे जातात, हे तिला शाळेत असतानाच कळले. आदिलला अजून कळायचे आहे.

३. जे गॅरेजवाले माझी गाडी बघून "भंगारात घाला" म्हणाले, त्यांना माझ्या मयतीचा निरोप धाडू नये. आपण होऊन आले तर बसायला खुर्ची द्यावी.

४. आता गाडी. इंग्लंडात बनलेली, दोन सीटची, हिरवी, कापडी छपराची जुनी मोटार घरामागच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपीत, उभी आहे. मालमत्तेचा तिसरा हिस्सा वारसांबाहेरच्या माणसाला देता येतो आणि गाडी त्यात सहज बसते. ती मी माझा मेव्हणा, नूरबानोचा धाकटा भाऊ खालिद, राहणार तारकर्ली, याला देत आहे. हे नूरबानोला ठाऊक आहे, खालिदला नाही.

लोक म्हणतील, ज्याच्याशी जन्मभर भांडला त्यालाच? होय. एका हिवाळ्यात गाडी सकाळी चालेना. ॲक्सिलेटर दाबला की काळा धूर, आणि पुढे सरकायचे नाव नाही. उन्हे वर आली की गरीब गाय. मी वायरी बदलल्या, पेट्रोल पंप उघडला, प्लग घासले. खालिद माझ्या प्रत्येक कामाला नावे ठेवत होता. शेवटी नूरबानो केसांच्या तेलाची बाटली उन्हात ठेवायला बाहेर आली आणि म्हणाली, "तुमी त्याच्यात खोबरेल घातलास काय? थंडयेत ता थिजता."

कार्बुरेटरच्या डोक्यावर बारीक टोपण असते, त्यात पातळ तेल घालतात. खालिदने तिथे घरचे खोबरेल घातले होते. आतला दट्ट्या थिजलेल्या तेलात अडकून बसत होता. उघडकीला आले तरी त्याने मान्य केले नाही. "तेल माज्या घरचा होता, ता दगो देवचा नाय," हे त्याचे म्हणणे आजतागायत कायम आहे.

आदिलने गाडीला गिऱ्हाईक पाहिले आहे. ते गिऱ्हाईक गाडी काचेमागे ठेवणार. तसे झाले तर खालिदने यायचे कशाला? बायको गेल्यापासून तो एकटा जेवतो. बहिणीकडे नुसता जेवायला येईल अशी त्याची जात नाही. त्याला काहीतरी मोडलेले लागते. म्हणून गाडी त्याची, पण राहावी माझ्या मांगरात. अशी अट चालत नाही म्हणतात, म्हणून ही विनंती समजावी. गाडी दर शुक्रवारी बिघडेल, त्याची काळजी नको. नूरबानोने भात थोडा जास्त टाकावा.

५. आज खालिद इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून साक्षीदार व्हायला आला होता. मी नको म्हटले. त्याचा चेहरा उतरला. "भावजी, इतक्या वर्सांत माजी एक सहीसुद्दा तुमका नको?" असे विचारून चहा न घेता निघून गेला. मला फार वाईट वाटले, तरी कारण सांगितले नाही. सांगितले असते तर गाडी नको म्हणून हटून बसला असता.

खालिद, ज्याला काही मिळायचे असते त्याची सही साक्षीदार म्हणून घेऊ नये, असे वकिलांनी सांगितले. कारण एवढेच होते, रे. मला सख्खा भाऊ नव्हता. तुझ्यामुळे ते कधी जाणवले नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

हाफिज दाऊद मुकादम

साक्षीदार, दोघांसमक्ष:
१) विनीत रमाकांत केळुसकर, शेजारी
२) संजना तोडणकर, मासळी विक्रेती

मालवण, १७ जानेवारी २०२५