परक्या मुलखातलं गाऱ्हाणं

२६ डिसेंबर, मसाई मारा
पोचलो एकदाचे. आठ वर्षं कुवेतच्या रिफायनरीत शिफ्ट सुपरवायझर आहे, पण सुट्टीत कुडाळला न जाता दुसरीकडे येण्याची ही पहिलीच वेळ. वर्गातल्या सगळ्यांची सफारी झाली म्हणून आमची नऊ वर्षांची ज्ञानदा दोन वर्षं मागे लागली होती. तंबू झकास आहे, आत चक्क गरम पाणी. बायको, पद्मजा, खुर्चीत बसल्या बसल्या झोपली. मलाही अंग टाकावंसं वाटतंय, पण लेकीला आत्ताच्या आत्ता हत्ती हवेत.

२७ डिसेंबर
सकाळी जीपपासून दहा हातांवर सिंहीण पाहिली. पोरीने माझा दंड इतका आवळला की वळ उठले. खरं तर मीच जास्त घाबरलो होतो.

दुपारी एक काम उरकलं. आमच्याकडे नव्या जागी गेलं की तिथल्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. कुवेतहून, फहाहीलच्या बाजारातून नारळ आणलाच होता. कुंपणालगतच्या बाभळीखाली ठेवला आणि म्हटलं, बा म्हाराजा, माझ्या चेडवाक, ह्या ज्ञानदाक सांभाळ. जो कोण तिच्यार हात उगारीत, तेका भायरची वाट दाखय. गावी अशा वेळी बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. इथे मी एकटाच. पण गवतातून हुंकार आला. वारा असेल.

२ जानेवारी, मंगफ, कुवेत
परत आलो. बॅगा हॉलमध्ये तशाच पडल्यात, उघडायचं त्राण कुणाला आहे? ज्ञानदाच्या खोलीत ओल्या गवताचा वास येतोय. पद्मजा म्हणते, बुटांचा. बूट धुतले, तरी वास आहेच.

५ जानेवारी
शाळेच्या बसचा ड्रायव्हर महबूब चार वर्षांच्या ओळखीचा, सरळ माणूस. आज उशीर झाला म्हणून त्याने ज्ञानदाला दप्तराला धरून बसमध्ये ढकललं. क्षणात त्याच्या दंडावर चार खोल ओरखडे, सगळी बाही रक्ताने भिजली. जवळ कोणी नव्हतं, असं तो शपथेवर सांगतो. लेकीला विचारलं तर इंग्रजीत म्हणाली, त्याला ढकललेलं आवडलं नाही. कोणाला, ते सांगेना.

७ जानेवारी
बारा तासांची शिफ्ट करून आलो तर पोर अभ्यास सोडून टॅबवर. माझं डोकं फिरलं, हात उगारला. मारला नाही, नुसता उगारला. तिच्या पलंगाखालून गुरगुर आली आणि पलंग एका बाजूने उचलला गेला. मी दारापर्यंत मागे सरकलो.

आता आठवतंय. गाऱ्हाण्यात ‘इथून निघेपर्यंत’ म्हणायचं राहिलं. कुडाळला ते म्हणावं लागत नाही, तिथला राखणदार वेस ओलांडत नाही. हा आला. माझ्याच शब्दावर आला. माझीच लाज वाटते.

८ जानेवारी, सकाळ
ज्ञानदाला ताप, एकशे चार. डॉक्टर फोनवर म्हणाले, मलेरिया असू शकतो, ताबडतोब आणा. पद्मजा उचलायला निघाली तर तिच्या तोंडावर दार आपटलं. कडीही नाही त्याला, तरी उघडत नाही. मी हात उगारल्यापासून तो कुणालाच तिच्याजवळ येऊ देत नाही—

दुपार
दाराला धडका देऊन खांदा निखळायला आला. अँब्युलन्स बोलावलीय. पोर हाकेला ओ देत नाही. आत दोन श्वास. एक बारीक, एक जड.

नारळ घेऊन दारात बसलोय. फार दमलोय. नवं गाऱ्हाणं घातलं. हात मी उगारलो, राग माझ्यार काढ. मी हयच बसान. तिच्या आवशीक आत जावंक दी.

आतून ज्ञानदाच म्हणाली, ‘व्हय म्हाराजा.’ तिला मालवणी येत नाही—

दार उघडलं.

अँब्युलन्स आली, पद्मजा तिला घेऊन गेली. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. ती मलाही चल म्हणत होती. मी बसून राहिलो. बसेन म्हणून शब्द दिलाय. उघड्या गॅलरीतून खालचा लेकीचा आवाज इथवर आला, बाबा म्हणाली. शुद्धीवर आहे. सुटली. बरं वाटलं—

खोली रिकामी. वास मात्र वाढलाय. तो जड श्वास आता आत नाही, इथे हॉलमध्ये, माझ्या पाठी— मानेवर गरम—